मुंबईचे सागवान, हार्टलपूलची गोदी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर समुद्राच्या काठी, हार्टलपूल नावाचे एक बंदर आहे. कोळशाची निर्यात आणि जहाजबांधणी ह्या दोन उद्योगांवर एके काळी हे गाव नांदत होते. तेथील एका जुन्या गोदीत आज तीन डोलकाठ्यांची एक लाकडी युद्धनौका पाण्यावर उभी आहे. गोदीच्या कडेने अठराव्या शतकातील बंदराचा देखावा रचलेला आहे. नाविक अधिकाऱ्यांचे कपडे शिवणारा शिंपी, बंदुका घडविणारा कारागीर, तलवारी करणारा लोहार, होकायंत्रे व दुर्बिणी विकणारा दुकानदार अशांची दुकाने ओळीने मांडली आहेत. पाहुणा ती पाहत पाहत पुढे जातो आणि अखेर त्या नौकेपाशी येतो. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनी ती हीच. तिचे नाव त्रिंकोमाली.

श्रोते हो, ह्या नौकेच्या नाळेवर पागोटे घातलेल्या एका मिशाळ पुरुषाची लाकडी मूर्ती बसविलेली आहे. इंग्लंडच्या गारठ्यात हा पागोटेवाला कोठून आला, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर नौकेच्या लाकडात आहे. हे लाकूड मलबारच्या अरण्यातील साग होय, आणि ते ज्या हातांनी तासले, वाकविले, जोडले, ते हात मुंबईच्या गोदीतील होते. इ. स. १८१७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १२ तारखेस ही नौका मुंबईच्या पाण्यात उतरली. त्या वेळी पेशवाई अद्याप बुडावयाची होती. खडकीची लढाई त्यानंतर चोवीस दिवसांनी झाली. इतक्या जुन्या काळी आपल्या किनाऱ्यावर बांधलेले जहाज आज तरंगते आहे, आणि ते पाहावयाचे तर सातासमुद्रापलीकडे जावे लागते. असे का व्हावे, ह्याचा थोडा विचार आपण आज करू.

प्रथम इंग्लंडच्या आरमाराने आपले जहाज मुंबईस का बांधून घ्यावे, हे पाहिले पाहिजे. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडची ओकची अरण्ये विरळ होत गेली. ट्रॅफलगारच्या लढाईत नेल्सन ज्या जहाजावर पडला, त्या एका ‘व्हिक्टरी’साठी सुमारे ६००० झाडे लागली असे सांगतात. ओकचे झाड जहाजाच्या कामाला येण्यास शंभर वर्षे लागतात आणि युद्ध तर दारात उभे. तेव्हा आरमारखात्याची दृष्टी हिंदुस्थानच्या सागाकडे वळली. सागाच्या अंगी एक मोठा गुण आहे. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडाला खाते. त्यामुळे खिळे गंजतात, सांधे ढिले पडतात. सागात नैसर्गिक तेल असते, ते लोखंडाला अपाय करीत नाही, आणि लाकूड कुजण्यास व किडीसही दाद देत नाही. आपल्या आजोबांच्या घरातील सागवानी तुळई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ह्याविषयी अधिक सांगावयास नको.

परंतु नुसते लाकूड असून भागत नाही. मुंबईस त्या वेळी कसबही होते. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीचे नाव राखले. १७५० साली तेथे सुकी गोदी बांधली गेली; १८१० च्या सुमारास डंकन गोदी पुरी झाली. सुकी गोदी म्हणजे दगडाने बांधलेला प्रचंड हौद. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे, दार लावून पाणी काढून टाकावयाचे, आणि कोरड्यावर त्याचा तळ दुरुस्त करावयाचा. ह्या गोद्या आजही मुंबईच्या नौदलाच्या आवारात कामी येत आहेत. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या हाती गोदीचा कारभार असताना ब्रिटिश आरमारासाठी मोठमोठी जहाजे मुंबईस तयार झाली. १८१० चे ‘मिंडेन’, १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ चे ‘वेलस्ली’ ही त्यांतील काही. लंडनच्या सागरी संग्रहालयात जमशेटजींचे एक तैलचित्र आहे. अंगात पांढरा अंगरखा, डोक्यावर पारशी पगडी, हाती कंपास, समोर जहाजाचा नकाशा आणि कमरेच्या शेल्यात खोवलेली चांदीची मोजपट्टी. ही पट्टी त्यांना कंपनी सरकारने गौरवाने दिली होती.

त्रिंकोमालीच्या जन्माची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. १८१२ साली तिच्या बांधणीचा हुकूम सुटला आणि तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका ह्यांचे युद्ध जुंपले होते. २९ डिसेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या अमेरिकन युद्धनौकेने ‘जावा’ला गाठले आणि काही तासांच्या लढाईनंतर तिला शरण आणले. ‘जावा’ इतकी मोडली होती की अमेरिकनांनी तिला आग लावून दिली. नकाशे तेथेच गेले. पुढे दुसरी प्रत मुंबईस आली, आणि १८१६ साली तळाचा कणा घालून बांधणीस आरंभ झाला. गंमत अशी की, ज्या नौकेमुळे त्रिंकोमालीचा जन्म लांबला ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बोस्टन येथे पाण्यावर तरंगत आहे आणि तीसुद्धा पाहुण्यांना खुली आहे. नेपोलियनच्या काळातील शत्रू आणि मित्र आता दोन दूरच्या किनाऱ्यांवर शांतपणे शाळेच्या मुलांची वाट पाहत उभे आहेत.

कणा घातला त्या दिवशी जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे त्यात कोरलेला चांदीचा खिळा ठोकला. जहाजाचे कल्याण ह्या खिळ्यावर अवलंबून असते अशी श्रद्धा होती. मग दीड वर्षात ते काम तडीस गेले. सुमारे २३,००० पौंड खर्च आला. तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट, रुंदी जवळ जवळ ४० फूट. नौकेची आखणी मात्र मुंबईची नव्हे, इंग्लंडचीही नव्हे! ‘हेबे’ नावाची एक फ्रेंच नौका इंग्रजांनी १७८२ साली पकडली होती. तिच्या आकारावरून ‘लेडा’ नामक नौका बांधली गेली, आणि ‘लेडा’च्याच नकाशावरून त्रिंकोमाली. फ्रेंचांची रेषा, इंग्रजांचा कागद, मलबारचा साग, पारशी सूत्रधार आणि मुंबईच्या गोदीतील कामकरी! सूत्रधाराचे नाव जगाला ठाऊक आहे. करवतीच्या दोन टोकांना उभे राहून ज्यांनी त्या फळ्या कापल्या, कापूस आणि राळ ठोकून ज्यांनी त्यांच्या फटी बुजविल्या, त्या शेकडो माणसांची नावे इतिहासाने घेतली नाहीत. त्यांची सही म्हणून ते जहाज तेवढे उरले आहे.

१८१८ च्या ऑक्टोबरात ही नौका मुंबई सोडून निघाली आणि १८१९ च्या एप्रिलअखेर पोर्ट्‌स्मथ बंदरी पोहोचली. परंतु तोवर नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत पडला होता. युद्ध संपले होते. ज्या कामासाठी ती जन्मास आली ते कामच उरले नव्हते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती राखीव म्हणून बंदरात बांधून ठेवली गेली. १८४५ मध्ये तिच्या पिछाडीचा आकार बदलला, तोफांची संख्या कमी करून त्या अधिक जोरकस बसविल्या, आणि १८४७ साली ती प्रथम कामगिरीवर निघाली. उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या पाण्यात, पुढे १८५२ पासून १८५७ पर्यंत पॅसिफिक महासागरात तिने फेऱ्या घातल्या. मोठ्या लढाईत उतरण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नाही. वयाने तोफांना ती अनोळखीच राहिली म्हणा ना.

तिच्या भावंडांचे भाग्य निराळे. ‘कॉर्नवॉलिस’च्या फलाटावर १८४२ च्या ऑगस्ट महिन्यात नानकिंगचा तह लिहिला गेला, आणि अफूच्या पहिल्या युद्धात हरलेल्या चीनने हाँगकाँग बेट इंग्रजांच्या हवाली केले. त्या व्यापारातील अफूचा मोठा वाटा आपल्या माळव्यातून मुंबईच्या वाटेने जात असे, हे इंदूर-उज्जैनकडील श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. अफू माळव्याची, जहाज मुंबईचे, नफा परक्यांचा, दुःख चीनचे. १८२४ साली मुंबईस बांधलेले ‘एशिया’ हे जहाज १८२७ च्या नॅव्हॅरिनोच्या लढाईत इंग्रज नौसेनापतीचे निशाण मिरवीत होते. त्या लढाईने ग्रीस देशाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा केला. एकाच गोदीतून बाहेर पडलेल्या दोन जहाजांपैकी एक कोणाच्या बेडीस कारण झाले, दुसरे कोणाच्या मुक्तीस. कारागिराचे कसब कोणाच्या हाती जाते, ह्यावर त्याचे पुण्य-पाप ठरते. म्हणून आपण ह्या नौकांकडे पाहताना निव्वळ अभिमानाने पाहू नये. डोळे उघडे ठेवून पाहावे.

लोखंड आणि वाफ ह्यांचे राज्य आले तशी लाकडी जहाजे एकामागून एक नाहीशी झाली. ‘वेलस्ली’ शिकाऊ मुलांचे जहाज म्हणून थेम्स नदीत उभी होती. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या बाँबमुळे ती बुडाली. ‘कॉर्नवॉलिस’चा सांगाडा १९५७ साली मोडण्यात आला. मग त्रिंकोमालीच कशी वाचली? तिचे वाचणे हा चांदीच्या खिळ्याचा चमत्कार आहे असे मानणारे मानोत. इतिहास निराळे कारण दाखवितो. ती वाचली, कारण तिला कामात ठेवणारे कोणी ना कोणी भेटत गेले. १८६० नंतर संडरलंड, पश्चिम हार्टलपूल व साउदॅम्प्टन येथे ती राखीव खलाशांच्या शिक्षणासाठी वापरली गेली. १८९७ मध्ये ती मोडीत विकली गेली, आणि आता हातोडे पडणार इतक्यात जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती विकत घेतली. त्याच वर्षी नेल्सनचे निशाण मिरविलेली त्याची ‘फूड्रॉयंट’ नावाची जुनी नौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली होती. तिचे नाव त्याने मुंबईच्या ह्या नौकेस दिले आणि मुलांना समुद्राचे शिक्षण देण्यास तिला पुन्हा उभे केले. १९८६ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ नव्वद वर्षे, ह्या नौकेवर मुले शिकत राहिली.

जी जुनी वस्तू कोणाच्या उपयोगी पडत नाही, ती जतन करण्याची इच्छा फार काळ टिकत नाही. ह्याचा कडू दाखला त्याच पोर्ट्‌स्मथच्या पाण्यात घडला. ट्रॅफलगारच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेली आणि नंतर इंग्रजांनी पकडलेली ‘इंप्लॅकेबल’ ही प्रचंड नौका तेथे त्रिंकोमालीच्या शेजारीच उभी असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीस पैसा मिळेना. १९४९ च्या डिसेंबरात इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी आपापली निशाणे तिच्यावर लावून, सुरुंगाने तिला खोल समुद्रात बुडविले. तिची पिछाडी आणि नाळेवरची मूर्ती मात्र काढून ठेवली होती. ती लंडनच्या संग्रहालयात आहेत. लोकांना हळहळ वाटली ती नंतर. पण त्या हळहळीतूनच जुनी जहाजे राखण्याची चळवळ पुढे जोरावली, हेही तितकेच खरे.

१९८७ साली त्रिंकोमाली हार्टलपूलला आणली गेली. ह्या गावाची निवड सहज झाली नव्हती. तेथील जहाजबांधणीचे कारखाने बंद पडून वर्षे झाली होती. लोक बेकार होते. पण हातांतील कला अजून गेली नव्हती. १८६० ची ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका ह्याच गावच्या कारागिरांनी १९७९ पासून आठ वर्षे खपून पूर्वस्थितीस आणली होती. ती जाताच त्यांच्या हाती त्रिंकोमाली आली. दहा वर्षांहून अधिक काळ तिचे काम चालले. कुजलेली फळी काढावी, तिच्या मापाची नवी फळी बसवावी, डोलकाठ्या उभाराव्या, दोर ताणावे. १९९२ मध्ये तिला तिचे जन्मनाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम पुरे झाले. तिच्या लाकडापैकी अर्ध्याहून अधिक अद्याप मूळचे, म्हणजे मुंबईत बसविलेले आहे. नौकेच्या पोटात उतरले की माथा टेकेल इतके ठेंगणे छत, दोरीला टांगलेले झोळीसारखे बिछाने, तोफांची लहान चौकोनी दारे. आणि हाताला लागणारा तो थंड, गुळगुळीत साग.

आता ह्या संग्रहालयांच्या दुसऱ्या एका अंगाकडे वळू. ऐतिहासिक जहाज असलेल्या ठिकाणी काचेच्या पेटीत त्याची लहान प्रतिकृती बहुधा असतेच. पुष्कळ पाहुणे तिच्याकडे खेळणे म्हणून पाहतात आणि पुढे जातात. वस्तुतः ही लहान नौका मोठ्या नौकेहून जुन्या परंपरेतली आहे. युरोपच्या किनाऱ्यावरील कित्येक चर्चमध्ये छतापासून टांगलेली लाकडी जहाजे दिसतात. वादळातून वाचलेले खलाशी नवस फेडण्यासाठी आपल्या जहाजाची प्रतिकृती करून देवाला वाहत. आमच्याकडे नवसाला चांदीचे डोळे, हात, पाय वाहण्याची रीत आहे, त्याच जातीची ही श्रद्धा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या आरमारखात्यासाठी अशा प्रतिकृती शास्त्रशुद्ध मापाने होऊ लागल्या. एक फुटास पाव इंच, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे माप. खालच्या भागाच्या फळ्या मुद्दाम न बसविता बरगड्या उघड्या ठेवीत, म्हणजे आतील रचना पाहणाऱ्यास दिसावी.

ह्या मापाचा हिशेब वर्गातील मुलांना घालण्याजोगा आहे. त्रिंकोमालीच्या तोफांचा मजला १५० फूट. त्याला ४८ ने भागा, तीन फुटांहून थोडे अधिक येते. रुंदी ४० फुटांची दहा इंचांवर येते. पण आकारमान मात्र ४८ पटींनी कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची ह्या तिन्ही कमी झाल्यामुळे ते १,१०,५९२ पटींनी घटते. म्हणून तासन्‌तास खपून केलेली प्रतिकृती मुलाच्या मांडीवर मावते. तिच्यासाठी साग चालत नाही हेही ध्यानात घ्या. सागाची जाड रेघ मोठ्या फळीवर शोभते. बोटभर फळीवर ती झाडाच्या फांदीसारखी दिसते. म्हणून कारागीर नासपतीसारख्या झाडाचे बारीक पोताचे लाकूड घेतात. प्रथम कणा, त्यावर एकेक बरगडी, मग वाफेने वा गरम पाण्याने नरम केलेल्या अरुंद फळ्या वळवून बसवावयाच्या. नाळेपाशी फळ्या एकत्र येतात तेथे त्या निमुळत्या कराव्या लागतात. नाही तर एकीवर एक चढते. जी चूक प्रतिकृतीत होते तीच मोठ्या जहाजातही होते. मुंबईच्या सुतारासमोर जी अडचण होती, ती ह्या लहान बोटांसमोरही जशीच्या तशी उभी राहते.

प्रतिकृतीचे खरे मोल येथे आहे. नकाशा सपाट असतो. तो जहाजाचा आकार सांगतो, त्याची जुळणी कोणत्या क्रमाने करावी हे सांगत नाही. मोठे जहाज कोठे तरी एके ठिकाणी असते, आणि त्याच्या दुरुस्तीस पिढ्यानुपिढ्या द्रव्य लागते. प्रतिकृती मात्र पाहणाऱ्याचे हात कामास लावते आणि हातांना आलेली गोष्ट डोके सहसा विसरत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे दृष्टी टाका. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराचा पाया घातला तेव्हा, १६५९ च्या सुमारास, रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्यांची जहाजे बांधीत होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना भीती वाटून त्यांनी त्याला काढून नेले. कसबाला जात नसते आणि धर्मही नसतो. राजकारणाला मात्र ते नेहमी हवे असते. पुढे आंग्र्यांच्या काळी विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे गोदी होती. तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पण जहाजे? १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. ह्या चढाईत पेशव्यांचा हात इंग्रजांच्या हातात होता, हे सांगताना जीभ अडखळते. पण इतिहास सांगावयाचा तर ते सांगितले पाहिजे. मराठ्यांची एकही गुराब, एकही गलबत आज पाण्यावर नाही. मुंबईकरांनी बांधलेली त्रिंकोमाली तरंगते, ती परक्या बंदरात.

बरे, हे सारे जुन्या काळचे म्हणावे, तर अगदी अलीकडचे उदाहरण समोर आहे. १९६१ साली भारतीय नौदलात आलेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविणारी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. २००१ पासून २०१२ पर्यंत ती मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती; हजारो मुलांनी तिच्या फलाटावर पाय ठेवला. मग तिची दुरुस्ती झेपेना, आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. हार्टलपूलच्या बेकार कामगारांना जे साधले ते आपल्या एवढ्या मोठ्या नगरास साधले नाही. ह्यात केवळ द्रव्याचा प्रश्न नाही. ‘विक्रांत’ डोळ्यांनी पाहण्याची वस्तू राहिली. तिच्यावर कोणी काही शिकत नव्हते. त्रिंकोमालीवर नव्वद वर्षे मुले दोर ओढीत होती.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. गोव्यात मांडवी नदीतील दिवाड बेटावर अलीकडेच एक प्रयोग झाला. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील एका चित्रात तीन शिडांचे जहाज रंगविलेले आहे. त्याचा नकाशा नाही, सांगाडा नाही. होते ते केवळ चित्र. त्यावरून प्रथम रेषा काढल्या गेल्या, मग मद्रासच्या तंत्रविद्या संस्थेत प्रतिकृती पाण्याच्या हौदात चाचणीस लावली गेली, आणि मग केरळच्या बाबू शंकरन ह्यांच्या हाताखाली कारागिरांनी खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते जहाज उभे केले. ‘कौंडिण्य’ ह्या नावाने २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे ते नौदलाच्या सेवेत आले. डिसेंबरात पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवरील चित्रातून समुद्रावर चालणारे जहाज निघाले, ते मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या एका लहान प्रतिकृतीमुळे. आणि शिवण घालणारे हात अद्याप जिवंत होते म्हणून. आणखी वीस वर्षांनी हाच प्रयोग करावयास निघाले असते तर ते हात कोठे सापडले असते?

गुजरातेत लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभारले जात आहे. ते पुरे होईल तेव्हा त्यात जुन्या जहाजांची चित्रे असतील, प्रतिकृती असतील, फलक असतील, असावेतच. पण संग्रहालय पाहून घरी आलेल्या मुलाच्या हाती काय उरते, हा प्रश्न आपला, शिक्षकांचा आणि पालकांचा आहे. रत्नागिरी, वसई, मालवण, कारवार येथे आजही लाकडी मचवे बांधणारे व दुरुस्त करणारे वृद्ध सुतार आहेत. त्यांच्यापैकी एखाद्यास वर्षातून चार वेळा शाळेत बोलवावे. त्याच्या देखरेखीखाली मुलांकडून एका मचव्याची प्रतिकृती करवून घ्यावी. तिच्या प्रत्येक अवयवाचे त्याच्या तोंडचे नाव वहीत लिहून घ्यावे. खर्च फारसा नाही. थोडे हलके लाकूड, एक पटाशी, काही गज दोरा आणि शनिवारच्या सकाळी. ज्या शब्दांना कोशात जागा मिळाली नाही ते शब्द मुलांच्या वहीत जातील, आणि वहीतून कदाचित कोशातही.

हार्टलपूलला जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी त्या नौकेच्या फळीवर एकदा हात ठेवावा. ज्यांना येणार नाही त्यांच्या गावी नदी असेल, तळे असेल, निदान पावसाचे पाणी तरी असेल. तीन फुटांची नौका त्यात चांगली तरंगते.